गणपतीच्या पोटातला लाल दिवा

गाडी चालू होत नाही म्हणून फोन आला, की मी आधी विचारतो, "सेल्फ फिरतो का?" समोरचा गोंधळतो. मग मी फोनवरच तोंडानं आवाज काढून दाखवतो. "खर्र खर्र खर्र होतंय, का नुसतंच टक?" चहाच्या टपरीवर बसलेल्यांना माझी ही नक्कल पाठ झाली आहे. मी फोन कानाला लावला की तेच आधी सुरू करतात.

नुसतं टक असेल तर बॅटरी, नाहीतर सेल्फची मोटर. अर्ध्या तासात माणूस वाटेला लागतो. पण गाडी खर्र खर्र करत राहते आणि काही केल्या पकडत नाही, तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवतो. तीस वर्षं हेच काम करतोय, तरी अजून ठेवतो.

मी नागपूरच्या वाटेवरच्या जाम गावाच्या चौफुलीवर गाड्या दुरुस्त करतो. मूळचा जत तालुक्यातला. सातवीची परीक्षा द्यायची राहिली ती राहिलीच, आणि एका ट्रकबरोबर इकडं आलो तो आलोच. माझं बोलणं ऐकून लोक अजून विचारतात, "मेस्तरी, तुम्ही पुण्याचे का?" पुणं मी एस्टीच्या खिडकीतून दोनदा पाहिलंय, तेही झोपेत. पण या गावानं मला ठेवून घेतलं. खोली दिली, गिऱ्हाईक दिलं, लग्नाला मुलगीसुद्धा याच लोकांनी शोधून दिली. त्यामुळं मनात एक धास्ती कायमची बसली आहे: एखादं काम चुकलं, तर हे लोक म्हणतील, झालं बाबा तुझं, जा आता आपल्या गावाला. आजवर कुणी म्हटलेलं नाही. तरी प्रत्येक नट मी तीनदा तपासतो. तिसऱ्यांदा तपासताना गिऱ्हाईक हसतं, आणि मग मी चौथ्यांदा तपासतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बॉनेटच्या खाली फार मोठी विद्या असते. पेट्रोलच्या इंजिनाला तीनच गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल आणि ठिणगी. तिन्ही योग्य वेळी भेटल्या की गाडी पकडते. एक जरी रुसली तर सेल्फ बिचारा फिरून फिरून दमतो. मेस्तरीचं काम एवढंच, की कोण रुसलंय ते शोधायचं. किल्ली अर्धी फिरवून मागच्या सीटकडं कान द्यायचा. टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणला तर पेट्रोल निघालं. प्लग काढून वायरला लावायचा, इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा आणि सेल्फ मारायचा. टचटच निळी ठिणगी दिसली तर ठिणगी आहे. हे सगळं करायच्या आधी माझे उस्ताद म्हणायचे, "पहले पूछ, पेट्रोल डाला है क्या." हसू नका. कारंज्याकडच्या एका सरांची गाडी मी दोन तास खोलून बसलो होतो. सर शेजारी उभे राहून मला विज्ञान शिकवत होते. टाकी कोरडी होती.

दसऱ्याच्या दिवशी तर माझ्याकडं रांगच लागते. गाडीची पूजा करायची म्हणून सकाळी लोक बॉनेट उघडून शेतातला मोटारपंपाचा पाइप थेट इंजिनावर धरतात. जुन्या गाड्यांत ठिणगी वाटून देणारा एक डबा असतो, त्यात पाणी शिरतं. मग हार घातलेली, नारळ फोडलेली, चकचकीत गाडी ट्रॅक्टरला बांधून माझ्याकडं येते. मी डबा पुसतो, उन्हात ठेवतो आणि मालकाला पेढा मागतो. पेढा मिळतो.

पण आज ज्या गाडीबद्दल लिहायचं आहे, तिच्यात ना टाकी कोरडी होती ना पाणी शिरलं होतं.

ती गाडी नामदेवभाऊंची. समुद्रपूरच्या अलीकडं त्यांचं गाव. वांगी, टमाटे, सांबार पिकवायचे. कोथिंबिरीला इकडं सांबार म्हणतात. कुणा डॉक्टराकडून त्यांनी ही जुनी गाडी घेतली, मागची सीट काढून टाकली आणि तिथं वांग्यांचे कॅरेट बसवले. वीस वर्षं झालेली गाडी, पण दार उघडलं की मळ्यात उभं राहिल्यासारखा वास. किल्ली हरवेल म्हणून भाऊंनी ती लांब दोरीनं कमरेच्या करदोड्याला बांधलेली होती. सोडायची नाही, तशीच लावायची. म्हणजे गाडी बंद करून किल्ली काढल्याशिवाय हा माणूस गाडीतून उतरूच शकायचा नाही. मी म्हणायचो, "भाऊ, तुम्ही गाडी बांधलीय का गाडीनं तुम्हाला?" ते म्हणायचे, "लग्न झाल्यावर असं विचारत नसतात, मेस्तरी."

उन्हाळ्यात भाऊ मळ्यातच गेले. पाणी सोडता सोडता बसले, ते उठले नाहीत.

दोनेक महिन्यांनी ट्रॅक्टरच्या मागं दोरानं बांधलेली ती गाडी माझ्या दारात आली. ट्रॅक्टरवर त्यांचा मुलगा प्रशांत. बुटीबोरीच्या एका कंपनीत जातो. आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत, स्टिअरिंगवर, सुमनवहिनी. पदर खोचलेला, दोन्ही हात घट्ट. दोर कुठंही सैल पडू न देता त्यांनी गाडी अलगद माझ्या झाडाखाली आणून लावली. दोरानं ओढली जाणारी गाडी सांभाळणं भल्याभल्यांना जमत नाही.

"वहिनी, तुम्ही कधी शिकलात?"

"त्यायनंच शिकवलं. डोयानं कमी दिसे न त्यायले. म्हणत, पुढच्या वर्षापासून तूच ने बाजारात, मी बाजूले बसून वांगे मोजतो." खोचलेला पदर सोडवत म्हणाल्या, "लायसनही काढून देल्लं. पक्कं."

प्रशांतनं किल्ली दिली. सेल्फ मारला. खर्र खर्र खर्र. पकडत नाही.

वहिनी म्हणाल्या, "मी सांगू का मेस्तरी? ते त्यायची वाट पाहून राह्यली. त्यायले ओयखते ते. दुसऱ्याच्या हातानं नाई चालू व्हाची."

मी हसलो. वाईट वाटू नये इतपतच, पण हसलो. म्हटलं, "वहिनी, गाडीला माणूस ओळखता येत नाही. तिला तीनच गोष्टी कळतात." आणि हवा, पेट्रोल, ठिणगी असं वर लिहिलेलं सगळं प्रवचन त्यांना दिलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग तिच्यात तीनातलं काय नाई?"

"ते बघतो."

बघितलं. हवा होती. पंप गुणगुणत होता. ठिणगी नव्हती. मनात म्हटलं, सोपं आहे. दुसऱ्या गाडीची चांगली कॉइल लावून पाहिली. नाही. इंजिन फिरतंय हे सांगणारा एक सेन्सर असतो, तो बदलला. नाही. वायर न् वायर उंदरानं कुरतडलीय का म्हणून बोटानं चाचपत गेलो. नाही. चार दिवस झाले. टपरीवरचे विचारू लागले, "मेस्तरी, गाडी दुरुस्त करून राह्यले का तिच्यासंगं संसार?"

या गाड्यांत डॅशबोर्डच्या आत एक पत्र्याचा डबा असतो. तो गाडीचं डोकं. कधी ठिणगी टाकायची, कधी पेट्रोल सोडायचं, ते तोच ठरवतो. बाकी सगळं बरोबर आणि ठिणगी नाही, म्हणजे डोकं गेलं. हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला, नवा डबा कुठून आणायचा? पाचव्या दिवशी दोघं आले तेव्हा मी सांगून टाकलं, की डोकं गेलंय, खर्च करू नका.

प्रशांत समजूतदार पोरगा आहे. म्हणाला, "काका, खरं सांगू का, मले वाटतच होतं. उभी सडण्यापरीस भंगारात गेलेली बरी. मी सोमवारचं सांगतो त्या भंगारवाल्याले."

वहिनी बॉनेटवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांची अडचण मला ठाऊक होती. भाऊ गेल्यापासून वांगी गावातल्या ऑटोनं जात. ऑटोवाला त्याच्या मनानं येई, त्याच्या मनानं निघे. चांगला भाव पहाटेच्या पहिल्या तासात असतो, आणि हा पोहोचवी तो उन्हं चढल्यावर. वहिनींना बसायला जागा नसे म्हणून वांगी एकटी जात, आणि जो म्हणेल तो भाव घरी येई. गाडी गेली की मळा वाह्याला, म्हणजे दुसऱ्याला कसायला, देऊन टाकू, असं प्रशांतनं एकदा बोलूनही दाखवलं होतं. त्यांच्यासाठी ती गाडी म्हणजे मळा होता.

त्यांनी एवढंच विचारलं, "नक्की न मेस्तरी?"

"नक्की," मी म्हणालो.

माझ्यासारखा चार-चारदा नट तपासणारा माणूस "नक्की" हा शब्द वापरत नाही. त्या दिवशी वापरला, कारण चार दिवस झाले होते आणि मला लाज वाटत होती. "मला कळत नाहीये" असं म्हणायला जी छाती लागते, ती सातवी सोडलेल्या माणसाकडं जरा कमीच असते. पदवीवाला "कळत नाही" म्हणाला तर लोक त्याला प्रामाणिक म्हणतात. मी म्हणालो तर काय म्हणतील, या भीतीनं मी एका बाईचा मळा भंगारात काढला.

सोमवारी सकाळी वहिनींचा फोन. "मेस्तरी, तो यायच्या आधी गाडीतले देव काढून ठेवजा. देव भंगारात नाई जाऊ देत."

इकडची ही पद्धत. गाडी मोडीत निघायच्या आधी तिच्यातले देव उतरवायचे. मी बादली आणि फडकं घेऊन बसलो. भाऊंच्या गाडीत देवांची काही कमी नव्हती. आरशाला माळ, सीटखाली लाल फडक्यातला नारळ, काचेवर वाळून काडी झालेलं लिंबू-मिरची, आणि स्पीडच्या काट्यापाशी, मीटरच्या काचेच्या कोपऱ्यात, तळहाताएवढा गणपतीचा स्टिकर. ट्रकवर चढवताना चाकं वळायला हवीत म्हणून मी स्टिअरिंगचं लॉक सोडायला किल्ली फिरवून ठेवली होती. सगळे देव काढले. गणपती काही निघेना. वर्षानुवर्षांचा डिंक. कोपरा भिजवून नखानं हळूहळू उचलू लागलो, तर भिजून पातळ झालेल्या गणपतीच्या पोटात लाल दिवा लुकलुकला.

मी हात मागं घेतला. खोटं कशाला बोलू, आधी हात जोडले. मग स्टिकर अर्धा सोलला. खाली काचेमागं बारीक लाल दिवा, त्यावर किल्लीचं चित्र. लुक, लुक, लुक.

हा दिवा मला ठाऊक होता. त्या काळातल्या काही गाड्यांच्या किल्लीच्या काळ्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाएवढी एक चिप असते. किल्ली लावली की गाडीचा डबा त्या चिपला विचारतो, तू आपलीच ना? ओळख पटली नाही, तर सेल्फ फिरू देतो, पण ठिणगी देत नाही. चोरासाठी केलेली सोय. ओळख पटली नाही की हा दिवा लुकलुकतो. आणि नेमका त्याच्यावर भाऊंनी गणपती बसवला होता.

मी किल्ली काढून पाहिली. नवी, पातळ, नुसती पत्र्याची. तिला काळं डोकंच नव्हतं. भाऊंची ती जाडी किल्ली मी शंभरदा हातात घेतली असेल, करदोड्यासकट. आणि ही नवी पाच दिवस माझ्या खिशात होती.

फोन लावला. "वहिनी, भाऊंची जुनी किल्ली कुठं आहे?"

 "ते गेली त्यायच्यासंगं."

"म्हणजे?"

"राखेच्या पोटलीत बांधून देल्ली मी. वणा नदीत सोडली. लोकं म्हणत होते, ठेव ना घरी. मी म्हटलं, एवढ्या वर्षांत त्यायनं कमरेची सोडली नाई, आता मी काऊन सोडवू?" मग म्हणाल्या, "ही तर प्रशांतनं हिंगणघाटच्या चाबीवाल्याकून बनवून आणली. काऊन, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. चिप, डबा, दिवा, गणपती.  मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "म्हंजे ते त्यायलेच ओयखत होती."

"हो वहिनी."

"मी पह्यल्याच दिवशी सांगितलं होतं न?"

"हो."

"मंग तुमच्या त्या तीन गोष्टीचं काय झालं?"

तीस वर्षांच्या अनुभवानं पाच दिवसांत जे सापडलं नाही, ते त्यांनी गाडीतून उतरता उतरता सांगून ठेवलं होतं. आणि मी त्यांना हवा, पेट्रोल शिकवत होतो.

भंगारवाला ट्रक घेऊन आला, त्याच्यामागं मोटरसायकलवर प्रशांत. मी ट्रकच्या समोर जाऊन उभा राहिलो. सांगितलं, माझी चूक झाली, डोकं गेलेलं नाही, मला थोडे दिवस द्या. प्रशांत म्हणाला, "काका, तुम्ही नक्की म्हटलं होतं."

"म्हटलं होतं."

"मंग आता काय म्हणता?"

"आता नक्की म्हणत नाही. बघतो म्हणतो."

तो हसला. मला तेवढं पुरलं. भंगारवाल्याला आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. तोही चहा पिऊन गेला, पण जाता जाता गाडीकडं असं बघून गेला, जसं लग्नघरी आचारी बोकडाकडं बघतो.

बाजाराआधी माझ्याकडं तीन दिवस होते. नागपुरात असले डबे उघडून दुरुस्त करणारा एक इंजिनिअर पोरगा असल्याचं ऐकून होतो. डॅशबोर्ड खोलून डबा काढला, टॉवेलात गुंडाळला आणि एस्टीत मांडीवर घेऊन बसलो. शेजारची बाई म्हणाली, "लेकरू आजारी आहे का?" मी हो म्हटलं. कोण समजावून सांगणार.

पोरानं डबा लॅपटॉपला जोडला. म्हणाला, "काका, ओळखीची अट काढून टाकतो. मग कुठलीही किल्ली चालेल. पण गाडी चोरीची तर नाही ना?"

मी याचीच वाट पाहत होतो. आरसी बुक, वहिनींचं आधार, भाऊंच्या मृत्यूचा दाखला, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, वर वहिनींच्या सहीची चिठ्ठी. तो म्हणाला, "काका, मी डबा दुरुस्त करतो, कर्ज नाही देत." पण त्यानं कागद नीट वाचले. दाखल्यापाशी थांबला आणि मग कामाला लागला. माझ्या मुलाएवढा तो. त्यानं अर्ध्या तासात जे केलं, त्याला माझ्याकडं नाव नाही. मी त्याला नमस्कार केला, तर उठून उभा राहिला.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी डबा बसवला. वहिनी आणि प्रशांत आले होते. टपरीवरचे सगळे उठून झाडाखाली आले. मी किल्ली वहिनींना दिली.

त्या बसल्या, पण फिरवीनात. "मेस्तरी, आता ते कोणालेच नाई ओयखत?"

"नाही. त्या पोरानं ओळख पुसून टाकली. आता जो किल्ली फिरवेल, त्याची."

त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. मीटरच्या काचेच्या कोपऱ्यात अर्धा गणपती उरला होता, तो मी निघत नाही म्हणून तसाच सोडलेला.

"मंग माही," त्या म्हणाल्या, आणि किल्ली फिरवली.

खर्र खर्र, आणि पकडली. टपरीवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. प्रशांतनं तोंड दुसरीकडं वळवलं. मी डॅशबोर्डखाली हात घालून डब्याचे नट तपासले.

दुसऱ्या दिवशी पहाटे वांगी भरून त्या निघाल्या. त्यांच्या गावापासून सोबत म्हणून मी शेजारी बसलो. कारण असं सांगितलं, की वाटेत काही झालं तर बरं. खरं कारण, घरी बसवेना. प्रशांत मोटरसायकलवर मागं. वहिनी छान चालवत होत्या, जरा सावकाश. बैलगाडी आली, मी श्वास रोखला. कुत्रं आलं, मी दार धरलं. एस्टी समोरून आली तेव्हा मी नेमकं काय केलं, मला आठवत नाही.

फाट्यापाशी त्यांनी गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. सगळं भाऊंनी शिकवल्यासारखं, एकामागून एक.

"मेस्तरी, उतरा."

"काऊन?" घाबरलो की मीही इकडचं बोलतो.

"तुमचा पाय. कवाचा खाली दाबून राह्यले. तुमच्या बाजूले ब्रेक नाई. मले वाटते मीच चुकून राह्यली."

"वहिनी, पुढं हायवे आहे."

"माहीत आहे मले. त्याच्यासाठीच उतरा म्हणते."

मी उतरलो. मागून प्रशांत आला, मला उभा पाहून हसला आणि बाजूला मोटरसायकल लावली. तोही पुढं गेला नाही. वहिनींनी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

इतकी वर्षं झाली की गाडी डोळ्यांपेक्षा कानाला जास्त दिसते. पहिला गिअर टाकला. दुसरा, जरा घाईनं. तिसऱ्याला इंजिन उगाच ताणलं, मी म्हटलं, टाक, टाक आता, आणि पडला. मग एक ट्रक मध्ये आला, त्याच्या आवाजात सगळं बुडालं. प्रशांत म्हणाला, "काका, चला, सोडतो."

"थांब," मी म्हणालो. चौथा ऐकू येईपर्यंत मी जागचा हललो नाही.